न येणाऱ्यांची यादी

कालिंदीनं स्टोव्हला आणखी दोन पंप मारले आणि उकळत्या पाण्यात सुया सोडल्या. बोटभर लांबीच्या, टोकाशी दुभंगलेल्या त्या सुया पातेल्याच्या तळाशी जाऊन किणकिणू लागल्या. ॲल्युमिनियमचं हे जुनं पातेलं तिनं सोमवारी माळ्यावरून काढलं होतं. स्वयंपाकातलं भांडं असल्या कामाला द्यायला तिचं मन घेईना. पण सुया उकळायचं काम मात्र तिनं आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

“वैनी, झालं का न्हाई? का तिथंच पुरणाचा घाट घातलाय?” बाहेरच्या कट्ट्यावरून बाळाबाईंनी हाक दिली.

“आणते. पुरत्या उकळू देत.”

“उकळा, उकळा. तुमच्यावानी सुया उकळणारी सबंद नगरपालिकेत न्हाई. ह्या सोवळ्यातल्या सुया हायत म्हणून सांगतो मी सगळ्यास्नी.”

रांगेतल्या बायका हसल्या. कालिंदीही पदराआड हसली.

बाळाबाई नगरपालिकेच्या देवी टोचणाऱ्या बाई. ठेंगण्या, नऊवारी लुगडं आवळून नेसलेल्या. एका हातात लसीचा थर्मास, दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी आणि काखेत छत्री. सोमवारी त्या ह्या गल्लीत आल्या, त्याला कारण झालं होतं. गल्लीच्या टोकाला लाकडाची वखार होती. तिथं उचगावहून कामाला येणारा एक गडी तापानं फणफणला आणि त्याच्या तोंडावर देवीचे फोड उठले. त्याला लगोलग गावाबाहेरच्या दवाखान्यात हलवलं. पण आदल्याच दिवशी, अंगात कणकण असताना, तो गल्लीत घरोघर जळण टाकत हिंडला होता. कालिंदीकडेही आला होता. मोळी त्यानं कट्ट्यावर नंदिनीच्या पुढ्यातच टाकली, आणि तिच्याकडून तांब्याभर पाणी मागून घेऊन प्यायला.

नंदिनी कालिंदीची एकुलती एक लेक. सोळा वर्षांची. डावा पाय तिच्या चौथ्या वर्षीच गेला होता. दोन्ही हातांवर भार देऊन ती घरभर सरकायची, आणि सकाळी एकदा कट्ट्यावर येऊन बसली की जेवणापर्यंत तिथंच. गल्लीतली पोरं तिच्याकडे पाढे म्हणायला येत. सोमवारी तिच्या वडिलांनी, वसंतराव मास्तरांनी, शाळेत जाता जाता बाळाबाईंना सांगितलं होतं, “आमचा कट्टा घ्या. सावली आहे, पाणी आहे. आणि लिहायला आमची नंदिनी आहे.”

तेव्हापासून नंदिनी लिहीत होती. नाव, वय, घर. आणि लिहिण्याखेरीज आणखी एक काम तिच्याकडे आपोआप आलं होतं. रडणारं पोर कुणाच्या आवरण्यात येईना, की बाळाबाई म्हणायच्या, “मास्तरणीकडं द्या.” नंदिनी त्या पोराला मांडीवर घ्यायची. तिची मांडी हलायची नाही. एका हातानं दंड धरून ती त्याला उलटा पाढा म्हणायला लावायची, दहा दाहे शंभर, दहा नव्वे नव्वद, आणि पोर सत्तरावर अडखळेपर्यंत बाळाबाईंचं काम आटोपलेलं असायचं.

कालिंदी दारातून हे पाहायची आणि आत वळायची. इतक्या पोरांच्या दंडाला सुई लागली होती. नंदिनीचा तेवढा एक दंड कोरा होता.

पहिल्याच दिवशी बाळाबाईंनी विचारलं होतं.

“आणि हिचं?”

“तिला नको.”

“आधी देवी काढल्यात का कधी?”

“नाही. तान्ही होती तेव्हा अशक्त होती. मग राहूनच गेलं.”

“मग तर पयली हिला—”

“ती कुठं जात नाही, बाळाबाई. घरातच असते. तिला नको.”

कालिंदीचा आवाज कधी चढायचा नाही. तेव्हाही चढला नव्हता. पण बाळाबाईंना त्यातलं काही कळलं असावं. “बरं. कट्टा तुमचा हाय,” एवढंच त्या म्हणाल्या.

कालिंदीनं त्यांना बाकीचं सांगितलं नाही. बारा वर्षांपूर्वी ती माहेरी, कुरुंदवाडला, गेली होती. नंदिनीला तीन दिवस ताप होता. डॉक्टरांनी कमरेत इंजेक्शन द्यायचं ठरवलं आणि म्हणाले, घट्ट धरा. कालिंदीनं लेकीचे दोन्ही पाय असे दाबून धरले, की पोरीच्या पोटऱ्यांवर तिच्या बोटांचे वळ उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी डावा पाय उचलेना. पुढे मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांनी पुष्कळदा समजावलं, की पाय सुईनं गेला नाही, तो तापच पायात उतरणारा होता. कालिंदीनं ते डोक्यानं मानलं. हातांनी मानलं नाही. अंबाबाईपुढे उभी राहून तिनं शब्द दिला, ह्या हातांनी लेकीला पुन्हा सुईखाली धरणार नाही. तेव्हापासून ती रोज पहाटे अनवाणी देवळात जायची, अकरा प्रदक्षिणा घालायची, शुक्रवारी एकभुक्त राहायची. गल्लीतल्या बायका तिला वाट देत. कुणी कुणी पायांनाही हात लावत. आपण नेम धरला आहे, की नेमानं आपल्याला धरलं आहे, असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

तिनं सुया निथळून ताटलीत घेतल्या आणि बाहेर नेल्या.

बुधवार होता, दुपारचे बारा. रांग संपत आली होती. शेवटचा माणूस दंड चोळत निघून गेला तेव्हा बाळाबाईंनी पाय लांब केले.

“झाली बाई गल्ली. किती गं?”

“एकशे अठ्ठ्याऐंशी,” नंदिनी म्हणाली. “पण झाली नाही, मावशी.”

तिनं वहीतून चौघडी केलेला एक कागद काढला.

“हे काय?”

“न येणाऱ्यांची यादी. अकरा जणं आहेत.”

“न येणारी म्हंजी? हट्टी?”

“हट्टी कसली. तुमची दवंडी तानाबाईला ऐकूच आली नाही. ज्ञानूकाकांना रांग कुठून सुरू होते ते दिसत नाही. कुणाला जिना उतरता येत नाही. तुम्ही कट्ट्यावर या म्हणालात. ज्यांना येता येतं ती सगळी आली.”

बाळाबाई कागदाकडे बघत राहिल्या. वीस वर्षं त्या देवी टोचत होत्या.

“तुला कुणी सांगितलं गं हे?”

“कुणी कशाला सांगायला हवं?” नंदिनी शाईच्या बाटलीला बूच लावत म्हणाली. “एका जागी बसणाऱ्यांची एकमेकांना खबर असते.” मग ती आईकडे वळली. “आई, तू जा मावशींबरोबर. त्यांना काही घरी दारातूनच परत लावतील. तुला कुणी दार लावत नाही.”

कालिंदीनं जेवण झाकून ठेवलं. बाळाबाईंचे दोन्ही हात थर्मास आणि पेटीत अडकलेले. म्हणून कागद कालिंदीनं घेतला, वरची घडी तेवढी उलगडली. गल्लीत उतरल्यावर बाळाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “वैनी, एक सांगतो, मग पुन्यांदा न्हाई सांगणार. त्यो गडी तुमच्या कट्ट्यावर रईवारी आलता. चार दिसांच्या आत टोचलं तर टळतंय. त्याच्या म्होरं काय, देवाला काळजी. आज बुधवार हाय.”

कालिंदीनं पहिलं नाव वाचलं.

“ज्ञानू सुतार. वय सत्तर. कारण, दिसत नाही.”

ज्ञानू सुतार घराच्या उंबऱ्याशी बसले होते. पाऊल वाजताच म्हणाले, “मास्तरीणबाई? अनवाणी पाय दुसऱ्या कुणाचं ह्या गल्लीत? आणि संगती कोण पावणं?”

“देवी टोचायला आल्यात, ज्ञानूकाका.”

“मग आधी सुई द्या माज्या हातात.”

“हातात कशाला?” बाळाबाई म्हणाल्या. “खेळणं हाय व्हय?”

“दोन तोंडाची हाय म्हणत्यात. पन्नास वर्सं हत्यारं वापरली. माज्या अंगात जाणारं हत्यार मला बघू दे की.”

बाळाबाईंनी जुनी, बाद झालेली एक सुई त्यांच्या बोटांत दिली. म्हाताऱ्यानं ती अंगठ्यावरून फिरवली, टोकाची खाच नखानं चाचपली.

“खाचंत औषिदाचा थेंब धरतो, असंच न्हवं?”

“व्हय.”

“झ्याक. ज्यानं केली त्यो कारागीर माणूस. टोचा.”

पंधरा टोचे होईपर्यंत ते हलले नाहीत. पुढच्या घराकडे जाताना बाळाबाई मान हलवत राहिल्या. “डोळं असणारी बघत न्हाईत सुईकडं. तोंड फिरवत्यात.”

तानाबाई पिठाच्या गिरणीत डबे उचलायची. ऐकू यायचं नाही, बोलता यायचं नाही. पट्ट्याच्या घरघराटात तिला त्यानं काही अडत नव्हतं. कालिंदीनं तिला खुणेनं सांगायला सुरुवात केली. तोंडावर बोटांनी फोड दाखवले, वखारीच्या दिशेनं हात केला. तानाबाई बघत राहिली. मग तिनं पिठानं माखलेली बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि दंडावर आपणच थाप मारली. वर बोटं मोजून दाखवली, एक, दोन, तीन. तीन दिवस.

“तीन दिस वाट बघतीया म्हणती,” बाळाबाई म्हणाल्या. “आणि हिला कुणी बोलावलं न्हाई.”

गिरणीवाला ओशाळून म्हणाला, “मला वाटलं, तिला काय कळायचं त्यातलं.”

“सगळ्यांच्या आधी तिला कळलं की वं. तुमी सोमवारी टोचून घेतलं, तवा दंड बघितलाय तिनं तुमचा.”

तिथून पुढं बयाबाई, जिचं एक अंग लकव्यानं गेलं होतं. मग देवळामागचं एक जोडपं, दोघंही काठ्यांवर चालणारी. नवरा म्हणाला, आधी तिला, बायको म्हणाली, आधी यांना, आणि बाळाबाईंनी दोघांच्या मधे बसून एकाच वेळी दोघांना दटावलं. कालिंदी प्रत्येक दारात नाव वाचत होती, कारण वाचत होती. नंदिनीचं अक्षर टपोरं होतं. कारणाच्या रकान्यात तिनं कुठंही ‘बिचारी’ किंवा ‘अपंग’ लिहिलं नव्हतं. जे अडतं तेवढंच लिहिलं होतं: ऐकू येत नाही. जिना उतरता येत नाही. गर्दीला घाबरते.

गर्दीला घाबरणारी मुलगी नंदिनीच्याच वयाची होती. बुद्धीनं तीन वर्षांची. अनोळखी बाई पाहून ती कोपऱ्यात गेली आणि भिंतीवर डोकं आपटू लागली. तिची आई कामाला गेलेली. घरात म्हातारी आजी, तिच्याच्यानं काही आवरेना.

“वैनी,” बाळाबाई म्हणाल्या, “धरा की जरा.”

कालिंदीचे हात पदरात होते. ती क्षणभर उभी राहिली. मग कोपऱ्यात जाऊन मुलीच्या शेजारी खाली बसली. आधी नुसतीच बसली. मग हळूहळू म्हणू लागली, दहा दाहे शंभर, दहा नव्वे नव्वद. त्या मुलीला पाढे येत नव्हते. पण लय लागली तशी तिचं डोकं भिंतीपासून थांबलं. कालिंदीनं तिचा दंड हातात घेतला. सुई लागली तेव्हा मुलगी दचकली आणि कालिंदीच्याच कुशीत शिरली. बाळाबाई पेटी बंद करून बाहेर गेल्या तरी कालिंदीला उठवेना.

शेवटची घडी उलगडायच्या आधीचं नाव जोतीरामचं होतं. वय सव्वीस. जिना उतरता येत नाही.

त्याची आई चिमणाबाई दारातच आडव्या आल्या. “आमच्यात कोण ऱ्हायलं न्हाई. सगळ्यांनी काढल्यात.”

“जोतीराम?” कालिंदीनं विचारलं.

म्हातारीचा चेहरा उतरला. जोतीराम तिचा धाकटा. तालमीतला नाव कमावलेला पैलवान. पाच वर्षांपूर्वी सराव करताना मानेवर पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून माडीवर होता. गावाला तो आजऱ्याला मामाकडे असतो असं सांगितलेलं.

“तुम्हास्नी कुणी सांगितलं?”

“माझ्या मुलीनं. तुमची नात येते ना तिच्याकडे पाढे म्हणायला. मामाला वर पाणी नेऊन देते, म्हणाली.”

चिमणाबाई बाजूला झाल्या.

माडीवर खिडकी बंद होती. भिंतीला टेकून बसलेला जोतीराम, खांदे अजून दाराएवढे, आणि चादरीखाली दोन काड्या. त्यानं चादर नीट ओढून घेतली.

“मला कशापायी? मी कुटं जातुया? पाच वर्सं ह्यो जिना उतरलो न्हाई.”

“तुम्ही जात नाही,” कालिंदी म्हणाली, “पण तुमच्याकडे येणारी येतातच की. आई येते, भाची पाणी घेऊन येते. आजार काही तुम्ही जिना उतरायची वाट बघत नाही, जोतीराम. तो चढून येतो.”

ती बोलली आणि आपल्याच बोलण्याशी थबकली. बाळाबाई थर्मासचं झाकण उघडता उघडता थांबल्या होत्या.

जोतीराम हसला. पुष्कळ दिवसांनी हसल्यासारखा. “बराबर हाय. यादी तुमच्या लेकीनं केली म्हणता. तिचा पाय...?”

“हो.”

“तीबी कुटं जात नसंल.”

“नाही.”

“तिनं टोचून घेतलं न्हवं?”

खाली चिमणाबाई चुलीत जाळ सारत होत्या, त्याचा आवाज वर येत होता. बाळाबाईंना एक खोटं बोलणं काही जड नव्हतं. तोंड उघडलंही होतं त्यांनी. पण कालिंदी आधी बोलली.

“नाही.”

“का?”

कालिंदीनं आपल्या हातांकडे पाहिलं.

“मग तिचं करून या,” जोतीराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “तिचं झालं की माझं करा. मी काय पळून चाललोय व्हय?”

जिना अरुंद होता. कालिंदी भिंत धरून उतरली. खाली अंगणात उन्हाला डोळे सरावेनात म्हणून ती जरा थांबली, आणि सवयीनं कागदाची शेवटची घडी उलगडली.

“वाचा,” बाळाबाई म्हणाल्या.

“नंदिनी वसंत सांगवडेकर. वय सोळा.” कालिंदीनं वाचलं. तिचा आवाज नेहमीसारखाच, बारीक होता. “कारण...”

तिनं ते आधी मनात वाचलं. लेकीनं पायाबद्दल काही लिहिलं नव्हतं. चालता येत नाही, असंही नाही.

“कारण, आईला भीती वाटते.”

बाळाबाईंनी छत्री काखेत घट्ट धरली. गल्ली दोन-तीनशे पावलांची. ती दोघींनी न थांबता काटली.

नंदिनी कट्ट्यावर नव्हती. आत, माजघरात, भिंतीशी बसून मटार सोलत होती. आईच्या हातातला पूर्ण उलगडलेला कागद तिला दिसला. तिनं मान खाली घातली आणि आणखी एक शेंग मोडली.

कालिंदीनं हातपाय धुतले आणि देवघरात गेली. अंबाबाईचा टाक सकाळच्या कुंकवानं माखलेला होता. ती रोज इथं काही ना काही मागायची. आज मागणं नव्हतं, नुसतं सांगणं होतं. दिलेला शब्द मोडतेय, तिनं सांगितलं. राग धरायचा तर ह्या हातांवर धर. तिच्यावर नको. तिनं वाकून डोकं टेकलं आणि लगेच उठली, जशी उकळी आली म्हणून माणूस चुलीकडे वळतं तशी.

ती लेकीच्या मागे येऊन बसली. मटाराचं ताट बाजूला सरकवलं. तिच्या डाव्या हाताची बाही वर दुमडली.

“धरू नकोस, आई,” नंदिनी म्हणाली. तिला नेमाचं ठाऊक होतं. बारा वर्षं एका घरात राहून काय झाकून राहतं? “मी हलणार नाही. तू नुसती बस. तुझा शब्द मोडायला नको.”

“मोडला,” कालिंदी म्हणाली, आणि तिनं दंड दोन्ही हातांत धरला.

बाळाबाईंनी सुईच्या खाचेत थेंब घेतला. एकेक करत त्यांनी पंधरा टोचे मारले. कालिंदीनं डोळे मिटले नाहीत. सुई टोचते तिथं बघत राहिली, ज्ञानू सुतारांनी बोटांनी पाहिलं तसं. टोचे झाले, त्वचेवर रक्ताचा एक ठिपका आला. तिनं पकड सोडली तेव्हा दंडावर बोटांचा वळ नव्हता.

“लई हलकं धरता,” बाळाबाई म्हणाल्या. “माज्या हाताखाली या नोकरीला.”

मग त्या दोघी पुन्हा जोतीरामच्या माडीवर गेल्या. त्यानं कालिंदीच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता दंड पुढं केला. “एवढ्या दंडाला एक थेंब पुरंल व्हय?” तो म्हणाला. चिमणाबाईंनी त्या दिवशी, कुणी न सांगता, माडीची खिडकी उघडली.

त्या आठवड्यात बाळाबाई शेजारच्या गल्लीत गेल्या. तिथं पहिल्या दिवशीच त्यांनी कट्टे धरून बसणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारलं, “रांगेत न येणारी कोण कोण हायत, ते आधी सांगा. येणारी येतीलच की.” संध्याकाळी नंदिनीकडे येऊन त्या नावं सांगायच्या आणि नंदिनी लिहून द्यायची. वहीत रकाने तेच राहिले. नाव, वय, घर, कारण.

आठव्या दिवशी नंदिनीला ताप भरला. बाळाबाईंनी आधीच बजावलं होतं, लस चांगली धरली की ताप येतो, दंडावर फोड टपोरा होतो, खाजवायचं नाही, भिजवायचं नाही. फोड टपोरा झाला होता. सगळं सांगितल्यासारखंच चाललं होतं. वसंतरावांनी शाळेतून आल्यावर कपाळाला हात लावून पाहिला. “उतरतोय,” ते म्हणाले. “गल्लीत दुसरं कुणी आजारी नाही. तू जेवून घे आता.”

“जेवते,” कालिंदी म्हणाली. उठली मात्र नाही.

ती कपाळाशी बसलीच नव्हती. दुपारपासून ती लेकीच्या पायथ्याशी होती, उजवा पाय मांडीवर घेऊन. चांगला पाय. तिनं तळव्याखाली हात धरून ठेवला होता, जसा उतू जाईल म्हणून दुधावर धरावा. नंदिनी झोपली होती. बाहेर कट्ट्यावर दोन पोरी मास्तरीण कधी उठणार ह्यावर भांडत होत्या. एक म्हणत होती उद्या, दुसरी म्हणत होती परवा.

कालिंदीचा अंगठा नकळत तळव्यावरून फिरला.

पाय झटक्यासरशी मागे गेला आणि चादरीत शिरला.

“आई, गुदगुल्या होतात,” नंदिनी झोपेतच पुटपुटली आणि कूस वळली.

कालिंदी थोडा वेळ रिकामी मांडी घेऊन तशीच बसली. मग तिनं चादरीचं टोक उचललं, आणि ह्या खेपेला मुद्दाम, अगदी हलकेच, पुन्हा एकदा तळव्याला बोट लावलं.